धायटी लावायची तर आधी दरड बघा

जानेवारी सरता सरता ताम्हिणी, वरंध किंवा माळशेज घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर लालभडक फुलांनी लगडलेल्या, बाहेर झुकलेल्या फांद्या दिसतात. ती धायटी. संस्कृतात धातकी. आसवं-अरिष्टं ही आयुर्वेदिक औषधं आंबवताना जी सुकी फुलं घालतात ती हिचीच. मेंदी आणि ताम्हण हे हिचे कुळबंधू.

धायटीचं बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक असतं. पालापाचोळ्याच्या थरावर पडलं तर मुळाला माती सापडेपर्यंत रोप सुकतं आणि गवतात पडलं तर सावलीने मरतं. कापलेल्या दरडीवर माती उघडी असते, ऊन दिवसभर मिळतं आणि पाणी थांबत नाही. म्हणून ती तिथे, आणि उघड्या खडकाळ उतारांवर, ओढ्याच्या कोरड्या काठावर दिसते. दाट सदाहरित रानाच्या आत सहसा नाही. बागेत जे काही करायचं ते या दरडीची नक्कल म्हणूनच.

फुलं नसताना ओळखायची असेल तर पान उलटं करा. पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, भाल्यासारखी लांबट असतात. खालची बाजू करडट-मऊ आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके. ठिपक्यांसाठी भिंग हाताशी असलेलं बरं.

बी एप्रिल-मेमध्ये धरायचं. धायटीचं फूल म्हणजे मुख्यतः सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीची लाल नळी, आणि ही नळी गळून पडत नाही. ती तपकिरी होऊन फांदीलाच राहते, बोंड तिच्या आत पिकतं. सुकलेली नळी कागदावर चुरली की बी भुकटीसारखं सांडतं. हिरवट बोंडं तोडलीत तर बी कच्चं निघतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथून परवानगीशिवाय काही काढता येत नाही. आणि रानातलं झुडूप उपटून आणायचा मोह तर कुठेच नको. दरडीच्या फटीत खोल गेलेलं मूळ तुटतं आणि झाड जगत नाही.

पेरणीला उथळ ट्रे घ्या. चाळलेली तांबडी माती दोन भाग, वाळू एक भाग, जुनं कंपोस्ट एक भाग. चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरा आणि हाताने हलकं दाबा. वर माती टाकू नका. बहुतेकांची पेरणी इथेच फसते, कारण एवढ्या बारीक बियाला अर्ध्या सेंटिमीटरचा थरही जड जातो. झारीने पाणी घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. त्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या. दोन-तीन आठवड्यांत हिरवी लव दिसेल. ती दाट उगवली, त्यात वारा खेळला नाही आणि माती सतत चिंब राहिली, की रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. अशा वेळी विरळणी करा आणि पाणी कमी करा. चार-सहा पानांवर आली की पाच बाय सात इंची पिशवीत एकेक रोप हलवा.

फांद्याही लागतात, पण सावकाश. पावसाळ्यात अर्धवट पिकलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घेऊन खालच्या टोकाला रूटिंग पावडर लावा. तरी बऱ्याच वाया जातात, हे धरूनच जास्त लावा.

रोपं पुढच्या पावसाच्या तोंडावर जमिनीत जावीत. खड्डा दीड फुटाचा, दोन झाडांत दीड-दोन मीटर. काळ्या चिकण मातीत खड्डा म्हणजे पाण्याचा हौद होतो; तिथे फूटभर उंच वरंबा करून त्यात मुरूम आणि विटांचे तुकडे मिसळा. शेणखत घमेलंभर पुरे. जास्त खत आणि रोजचं पाणी मिळालं की झाड पानांनी माजतं आणि फुलं रोडावतात. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी द्या, पुढे तेही कमी करत न्या.

सूर्यपक्ष्यांसाठी नर्सरीवाले सर्रास हॅमेलिया गळ्यात मारतात. ते अमेरिकेकडचं झुडूप. आमच्या मते जागा असेल तर धायटीच लावावी: मधासाठी सूर्यपक्षी तिच्याकडेही येतात, आणि तिला पाणीही कमी लागतं. बाल्कनीतल्या कुंडीसाठी मात्र ही नव्हे. दोन-तीन मीटरपर्यंत वाढणाऱ्या, कमानीसारख्या झुकणाऱ्या फांद्यांना पसरायला जागा लागते.

छाटणीची वेळ चुकवू नका. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवरच पुढच्या जानेवारी ते एप्रिलमध्ये फुलं येतात, त्यामुळे दिवाळीनंतर बाग आवरताना माळ्याने कात्री चालवली की त्या वर्षीची फुलं गेली. बी काढून झालं की मे अखेरीस, पाऊस यायच्या आत, जुन्या फांद्या एक तृतीयांश कापा. फार बोडकी झालेली जुनी धायटी गुडघ्याएवढी ठेवून कापली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते.