जँगोच्या मॉडेलमध्ये फोन नंबर कुठल्या टाइपचा ठेवायचा?

पुण्यात नव्याने वेब डेव्हलपमेंटच्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या कोडमध्ये मला एक ओळ हमखास दिसते: मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या टेबलाची रचना सांगणाऱ्या कोडमध्ये, फोन नंबरसाठी इंटिजरफील्ड, म्हणजे पूर्णांक ठेवणारा रकाना. लॅपटॉपवर ती कधीच त्रास देत नाही. जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क सुरुवातीला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतं आणि त्यात ६४ बिटांचा पूर्णांक बसतो. सर्व्हरवर मात्र बहुधा पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस असतो. तिथे इंटिजर ३२ बिटांचा, कमाल २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ने सुरू होतात, त्यामुळे एकही त्यात मावत नाही. सेव्ह करताना डेटाएरर येते: 'इंटिजर आउट ऑफ रेंज'.

कोथरूडच्या एका सोसायटीच्या सभासद नोंदणीत हे जरा वेगळ्या अंगाने समोर आलं. सुरुवातीच्या नोंदी ज्येष्ठ सभासदांच्या होत्या, त्यांनी घरचे लँडलाइन दिलेले. त्या बिनबोभाट सेव्ह झाल्या. मोबाइल टाकला की एरर. कारण पुण्याचा एसटीडी कोड ०२०. इंटिजरमध्ये पुढचं शून्य गळतं आणि २०ने सुरू होणारे दहा आकडे उरतात, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. मुंबईचा ०२२ असता तर पहिल्याच नोंदीला अडलं असतं. इथे मात्र चुकीचे नंबर गुपचूप साठत गेले, आणि मला एररपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते.

अशा वेळी बिगइंटिजरफील्ड, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, करून मोकळं व्हायचा मोह होतो. एरर जाते खरी, पण शून्य गळतच राहतं आणि +९१मधलं अधिकचं चिन्हही ठेवता येत नाही. टाइप ठरवताना मी एवढंच विचारते: याची कधी बेरीज करणार आहोत का? फोन, पिनकोड, आधार यांची नाही, म्हणून मजकूर ठेवणारं कॅरफील्ड. मेंटेनन्सच्या रकमेची होते, तिथे अचूक दशांश ठेवणारं डेसिमलफील्ड. फ्लोट नको, त्यात दशांश अंदाजे साठतो आणि पैशांचा हिशेब जुळत नाही.

दुरुस्तीआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. फील्ड बदलून मेकमायग्रेशन्स चालवा (ही कमांड बदलाची फाइल, म्हणजे मायग्रेशन, तयार करते) आणि मायग्रेटने तो बदल डेटाबेसवर लागू करण्याआधी एसक्यूएलमायग्रेटने काय चालणार आहे ते डोळ्यांनी वाचा. ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. इंटिजरचं मजकुरात रूपांतर पोस्टग्रेस व्यवस्थित करतो, पण गळलेलं शून्य परत आणत नाही. त्यासाठी आधीच्या नोंदी दुरुस्त करणारी वेगळी डेटा मायग्रेशन लिहावी लागते: लांबी बरोबर दहा आणि सुरुवात २०ने असेल तरच पुढे शून्य जोडायचं. मोबाइल २ने सुरू होत नाही, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. लांबी मात्र तपासाच, एसटीडी कोडशिवाय दिलेले आठ आकडी लँडलाइनही यादीत असतात.

मग फॉर्म उघडून बघा. तिथे स्वतंत्रपणे इंटिजरफील्ड लिहिलेलं असेल तर मॉडेल सुधारूनही शून्य तिथेच गळेल. एपीआयमधून येणारा-जाणारा डेटा तपासून बदलणाऱ्या सीरियलायझरचंही तेच. आणि लॅपटॉपवरही पोस्टग्रेसच टाकून घ्या, म्हणजे पुढची अशी एरर सर्व्हरवर जायच्या आधीच तुम्हाला दिसेल.