'घेणे' म्हणजे 'टेक' नव्हे : एक इंग्रजी क्रियापद नीट वापरायला कसे शिकावे

खानदेशातल्या कोणत्याही शाळेत इंग्रजीच्या तासाला 'टेक म्हणजे घेणे' हे पाठ करून घेतले जाते आणि विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानतो. अर्थ चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. पुढे नोकरीत, मुलाखतीत किंवा परगावी बोलताना माणूस अडखळतो तो नेमका याच शब्दापाशी, कारण आपले 'घेणे' आणि इंग्रजीचे 'टेक' काही वाटा बरोबर चालतात आणि मध्येच एकमेकांची साथ सोडतात. ही साथ कुठे सुटते ते ओळखण्याची एक रीत मी शिकवताना वापरत आलो आहे. ती पुढे मांडतो.

एक वही घ्या आणि दिवसभरात तुमच्या तोंडून 'घेणे' असलेली जी वाक्ये निघतात ती संध्याकाळी लिहून काढा. शब्दकोशापासून सुरुवात करू नका, स्वतःच्या बोलण्यापासून करा. सुट्टी घेतली, निर्णय घेतला, काळजी घे, शपथ घेतली, भाग घेतला, सूड घेतला, बाजू घेतली, धोका घेतला : या सर्व ठिकाणी इंग्रजीतही 'टेक' निर्धास्तपणे चालते. 'रजा' या शब्दाबाबत तर दोन्ही भाषांचे विलक्षण जुळते. आपण कचेरीतून रजा घेतो आणि पाहुणा उठताना 'आता रजा घेतो' म्हणतो, तसेच इंग्रजीत 'टेक लीव्ह' म्हणजे सुट्टी घेणे आणि निरोप घेणे हे दोन्ही होते. अशी वाक्ये वहीच्या डाव्या पानावर ठेवा, त्यांच्यासाठी वेगळे कष्ट नकोत.

उजव्या पानावर जिथे फसगत होते ती वाक्ये येतील, आणि खरा वेळ तिथेच द्यायचा आहे. सर्वांत मोठी फसगत खरेदीची. मराठीत 'घेणे' म्हणजे विकत घेणेही असते. जळगावच्या सराफ बाजारातून आलेली बाई 'आज सोनं घेतलं' म्हणते तेव्हा तिने पैसे मोजले आहेत, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण तेच 'आय टुक गोल्ड फ्रॉम द शॉप' असे सांगितले, तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला ते सोने न विचारता उचलून आणल्यासारखे वाटेल. 'मागच्या महिन्यात गाडी घेतली' याचेही तसेच आहे. पैसे देऊन घेतले असेल तिथे 'बाय' किंवा त्याचे भूतकाळी रूप 'बॉट' वापरा.

दुसरी फसगत परीक्षेची. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत दिशा उलटी आहे, विद्यार्थी 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतो. चोपड्याहून शिकायला येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने मुलाखतीत 'आय हॅव गिव्हन थ्री एक्झाम्स धिस इयर' असे सांगितले, तेव्हा समोरच्या परदेशी अधिकाऱ्याने त्याला 'आपण कोणत्या वर्गाला शिकवता?' असे विचारले. मुलगा गोंधळला, त्याला आपली चूक कळेना, आणि पुढची उत्तरेही बिघडली. त्याला मराठी वाक्यातले क्रियापद उचलण्याची सवय आम्ही लावली होती, दिशा पाहण्याची लावली नव्हती. हा दोष शिकवणाऱ्यांचा आहे असे मी मानतो. भारतात 'गिव्ह ॲन एक्झाम' समजून घेतले जाते, पण बाहेर बोलताना 'टेक' किंवा ब्रिटिश धाटणीचे 'सिट' वापरलेले बरे.

चहा आणि जेवणाला 'हॅव' अधिक सहज वाटते. गोळी मात्र आपण 'खाल्ली' असे म्हणत असलो तरी इंग्रजीत ती 'टेक'च करायची, 'ईट' नव्हे. टेन्शन घेऊ नकोस याचे शब्दशः भाषांतर टाळा आणि 'डोन्ट वरी' म्हणा.

यानंतर उलट दिशेने चला : इंग्रजीत 'टेक' आहे, पण मराठीत 'घेणे' नाही, अशी वाक्ये शोधा. इथे मराठीचीच श्रीमंती दिसते. वेळेसाठी आपण 'लागणे' वापरतो. अमळनेरहून एसटीने धुळ्याला जायला साधारण तासभर लागतो, हे इंग्रजीत 'इट टेक्स अबाउट ॲन आवर' असे होते. 'मला तास लागला' असेल तर 'इट टुक मी ॲन आवर', आणि यातला 'मी' म्हणजे आपला 'मला', हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. फोटोसाठी 'काढणे', गाडी किंवा बससाठी 'पकडणे', गृहीत गोष्टीसाठी 'धरणे' ('टेक फॉर ग्रँटेड' म्हणजे गृहीत धरणे), एखादे बोलणे मनाला लागले तर 'टेक टु हार्ट'. 'टेक प्लेस' म्हणजे जागा घेणे नव्हे, तर घडणे, पार पडणे. जागा घ्या, बसा, असे म्हणायचे असेल तर 'टेक अ सीट'.

'टेक' आणि 'ब्रिंग' यांचा गोंधळ खानदेशी माणसाचा होण्याचे कारण नाही, कारण अहिराणीत 'लई जा' (घेऊन जा) आणि 'लई ये' (घेऊन ये) हा भेद आपण लहानपणापासून पाळतो. बोलणाऱ्यापासून दूर न्यायचे ते 'टेक', बोलणाऱ्याकडे आणायचे ते 'ब्रिंग'. रावेरचा शेतकरी घरून निघताना केळी बऱ्हाणपूरला 'टेक' करतो. तिथला व्यापारी त्यालाच फोनवर 'ब्रिंग' म्हणेल. अहिराणी वाक्य मनात म्हणून पाहिले की योग्य शब्द आपोआप सापडतो.

मुख्य रूपे तीन आहेत : टेक, टुक, टेकन. 'टेकड' असे रूप नाही. 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजीचा नव्हेच. सुमारे 1,000 वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या 'टाका' या क्रियापदातून तो आला आणि त्याने 'निमन' हा जुना इंग्रजी शब्द हळूहळू मागे सारला. त्या 'निमन'चा अवशेष 'नम', म्हणजे बधिर, या शब्दात उरला आहे : ज्या अवयवाची संवेदना घेतली गेली आहे तो 'नम'.

समानार्थी शब्दांकडे शेवटी वळावे, आधी नाही, आणि ते पाठ न करता प्रत्येकाला एक मराठी क्रियापद बांधून द्यावे. 'रिसीव्ह' म्हणजे मिळणे. टपाल आपोआप येते, ते 'रिसीव्ह' होते. 'ॲक्सेप्ट' म्हणजे स्वीकारणे, यात मनाची संमती आहे, म्हणून आलेले निमंत्रण आधी 'रिसीव्ह' होते आणि विचार करून 'ॲक्सेप्ट' होते. 'ग्रॅब' म्हणजे झडप घालून घेणे, 'सीझ' म्हणजे जप्त करणे किंवा बळाने ताब्यात घेणे, 'कॅप्चर' म्हणजे पकडणे किंवा काबीज करणे. 'ऑब्टेन' हा प्रयत्नाने मिळवण्याचा शब्द असून अर्जात आणि कार्यालयीन पत्रात शोभतो, घरच्या बोलण्यात नाही.

'ऑफ', 'अप', 'ओव्हर', 'आफ्टर' हे शब्द मागे जोडले की अर्थ पुरता बदलतो. विमान 'टेक ऑफ' करते आणि आपण दारात चपलाही 'टेक ऑफ' करतो. नवे काम हाती घेणे ते 'टेक अप', कारभार हाती घेणे ते 'टेक ओव्हर'. मुलगी आईवर गेली, असे जे आपण म्हणतो, त्याला 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. अशी जोडी दिवसाला एकच घ्या आणि ती आपल्याच घरातल्या माणसाविषयीच्या वाक्यात लिहा; आजीच्या नाकावर गेलेल्या नातवावर लिहिलेले 'टेक आफ्टर' माझ्या वर्गातली मुले वर्षानंतरही विसरलेली नाहीत.