आधी कड बघा, मग टूल उचला: बॅकग्राऊंड काढायला शिकताना

२०१४ ला कोल्हापुरात एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा मला फोटोशॉप येतं असं मी सांगितलं होतं, आणि मला खरंच तसं वाटत होतं, कारण डीटीपीचा कोर्स झाला होता आणि मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा भाग एका क्लिकमध्ये निवडणारं टूल) क्लिक करून बॅकग्राऊंड डिलीट करता येत होतं. पहिल्याच आठवड्यात वाढदिवसाच्या बॅनरसाठी एक फोटो आला, लग्नाच्या मांडवात मोबाईलवर काढलेला, ज्यांचा वाढदिवस ते पांढरा शर्ट घालून पांढऱ्या पडद्यासमोर उभे. वाँड मारला की पडद्याबरोबर अर्धा शर्ट जायचा, टॉलरन्स (रंगातला किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा) कमी केला की नुसते ठिपके ठिपके सिलेक्ट व्हायचे. शेवटी इरेजर घेऊन पुसत बसलो, दोन तास गेले, आणि त्या नादात कानाची पाळी पुसली गेली ते बॅनर छापून आल्यावर दिसलं. फाईल सेव्ह करून बंद केलेली, ओरिजिनल फोटोवरच पुसलेलं, त्यामुळे परत आणायला काही उरलंच नव्हतं. घरच्यांकडून फोटो परत मागवावा लागला. त्या दिवसाची लाज अजून आठवते.

दुकानात एक जुने ऑपरेटर होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ते रागावले नाहीत. माझ्या स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि म्हणाले, "टूल कुठलं घेऊ ते नंतर विचार, आधी कड कशी आहे ते बघ. ही खांद्याची कड बघ, कापडाची आहे, सरळ आहे. ही केसांची बघ. दोन्हीला एकच टूल कसं चालंल?" मला आजपर्यंत या कामातलं जे काही कळलंय ते सगळं या एका वाक्यातनं आलंय, म्हणून नवीन शिकणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

मॅजिक वाँड वाईट नाही, पण तो वस्तू ओळखत नाही, रंग ओळखतो. तुम्ही जिथं क्लिक करता त्या पिक्सेलशी मिळतेजुळते रंग तो धरतो, किती मिळतेजुळते ते टॉलरन्स ठरवतो, आकडा ० ते २५५ मधला, सुरुवातीला ३२ असतो. वर कंटिग्युअस नावाची एक टिक असते, ती चालू असली की फक्त चिकटून असलेला भाग घेतो, बंद केली की पूर्ण फोटोत जिथं जिथं तो रंग आहे तिथं सगळीकडं. लोगो, स्कॅन केलेली सही, एकरंगी भिंत याला वाँड मस्त. मांडवातल्या फोटोला नाही. लॅसोचंही (हाताने रेघ ओढून भाग घेरायचं टूल) तसंच, साधा लॅसो मी फक्त ढोबळ भाग पकडायला वापरतो, कड त्याने कधीच कापत नाही.

क्विक सिलेक्शन फोटोशॉपच्या २००७ च्या सीएसथ्री व्हर्जनपासून आलं, त्यात ब्रशने नुसतं रंगवत जायचं आणि ते स्वतः कड शोधतं. नवीन माणसाने इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे, फक्त दोन गोष्टी हाताला बसवून घ्या, शिफ्ट दाबून सिलेक्शनमध्ये भर घालायची आणि ऑल्ट दाबून वजा करायचं. ब्रशची साईज कडेजवळ जाताना लहान करत जा. मोठा ब्रश घेऊन एका झटक्यात होईल म्हणून लोक घाई करतात आणि मग बाहेर सांडलेलं आवरण्यात दुप्पट वेळ जातो.

पण खरं काम मला चपलांनी शिकवलं. दुकान सोडल्यावर २०१७ पासून मी चप्पलवाल्यांसाठी ऑनलाईन विक्रीचे फोटो तयार करायला लागलो. कोल्हापुरी चप्पल म्हणजे कडांची शाळाच आहे, तळाची कड एकदम धारदार, कान (कडेच्या पट्ट्या) बाजूला निघालेले, अंगठ्याच्या (पायाचं बोट घालायच्या कड्याच्या) आत मोकळी जागा, वर वेणी आणि पुढं गोंडा असेल तर त्याचे धागे मोकळे सुटलेले. एकाच फोटोत तीन-चार टूल लागतात. तळ, पट्टे आणि कान पेन टूलने करायचे, म्हणजे कडेवर पॉइंट टाकत रेघ (पाथ) काढायची, दुसरा उपाय नाही. पेन टूलला लोक घाबरतात कारण सुरुवातीला पॉइंट फार टाकतात आणि कड खडबडीत येते. पॉइंट कमी टाका, जिथं वळण बदलतं तिथंच टाका, आणि ओढून हँडल (पॉइंटमधनं निघणारी, वळण ठरवणारी दांडी) काढा म्हणजे गोलाई आपोआप येते. कोपरा आला की त्या पॉइंटवर ऑल्ट क्लिक करून पुढचं हँडल तोडा. झूम २०० टक्के ठेवा आणि पाथ कडेच्या एक पिक्सेल आतनंच चालवा, बाहेरनं नाही, कारण बाहेरची एक रेघ जरी राहिली तरी पांढऱ्यावर ती मळल्यासारखी दिसते. झालं की कंट्रोल आणि एंटर, सिलेक्शन तयार. पाथ पॅनलमधल्या वर्क पाथवर डबल क्लिक करून त्याला नाव द्या नाहीतर नवीन पाथ काढायला घेतला की जुना जातो, माझी एकदा तासाभराची मेहनत अशी गेली आहे.

आतली भोकं विसरू नका. अंगठ्यातली जागा, पट्ट्यांमधल्या फटी. बाहेरून सगळं छान कापलेलं असतं आणि आतून जुनी फरशी डोकावते, फोटोवर साधी नजर फिरवली तर लक्षात येत नाही पण गिऱ्हाईकाला पहिल्यांदा तेच दिसतं. नथीचे फोटो करताना हा त्रास सगळ्यात जास्त, मोत्यामोत्यांमध्ये बारीक फटी असतात.

गोंड्याचे धागे आणि माणसाचे केस पेनने करायला जाऊ नका, केसांना पेन मारला की टोप घातल्यासारखं दिसतं. आधी साधं सिलेक्शन करून सिलेक्ट अँड मास्कमध्ये जा (जुन्या व्हर्जनमध्ये रिफाईन एज होतं, २०१६ मध्ये हे नवीन आलं) आणि तिथला रिफाईन एज ब्रश फक्त धाग्यांच्या, केसांच्या पट्ट्यावरून फिरवा. सगळ्या कडेवरून फिरवला तर धारदार कडाही भुरकट होतात. बॅकग्राऊंडचा रंग केसांत उतरला असेल तर डिकंटॅमिनेट कलर्स चालू करा. मामांची पद्धत यापेक्षा जुनी होती आणि काळे केस उजेडाच्या बॅकग्राऊंडवर असतील तर मी अजून तीच वापरतो. चॅनेल पॅनलमध्ये (तिथं फोटोतला लाल, हिरवा, निळा भाग वेगवेगळा दिसतो) जाऊन जिथं केस सगळ्यात उठून दिसतात तो चॅनेल बघायचा, बऱ्याचदा निळा असतो, त्याची कॉपी करायची, लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करायची सोय) केस पूर्ण काळे आणि मागचं पूर्ण पांढरं करायचं, चेहरा आणि कपडे काळ्या ब्रशने भरायचे, मग कंट्रोल आय दाबून उलटं करायचं आणि कंट्रोल धरून चॅनेलच्या चित्रावर क्लिक केलं की केसान् केस सिलेक्ट होतो. पहिल्यांदा अवघड वाटेल, चार फोटो करा, हात बसतो.

आणि काहीही झालं तरी डिलीट करू नका, इरेजर वापरू नका. लेअर मास्क लावा, म्हणजे फोटोच्या थरावर नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा. मास्कवर काळं म्हणजे लपलेलं, पांढरं म्हणजे दिसणारं, एक्स दाबलं की ब्रशचा रंग अदलाबदल होतो, चुकून कान गेला तर पांढऱ्या ब्रशने परत आणा. एवढं मला २०१४ ला माहीत असतं तर तो फोटो परत मागवायची वेळच आली नसती.

तपासायची पद्धत सोपी आहे. कापलेल्या फोटोच्या खाली एक भडक लाल लेअर टाका, मग काळा टाकून बघा. पांढऱ्यावर जे दिसत नाही ते लालवर लगेच दिसतं. कडेला पांढरट रेघ राहिली असेल तर सिलेक्शन एक पिक्सेल कॉन्ट्रॅक्ट करा (आत आकसून घ्या) आणि फेदर (कडेचा मऊपणा) अर्धा पिक्सेल द्या, त्याहून जास्त फेदर दिलात तर वस्तू धुक्यात ठेवल्यासारखी होते.

आता २०१८ पासून सिलेक्ट सब्जेक्टचं बटण आहे, दाबलं की फोटोतली मुख्य वस्तू आपोआप सिलेक्ट होते, वेबसाईटवर फोटो टाकला की पाच सेकंदात बॅकग्राऊंड काढून देणाऱ्या सोयी आहेत, मग हे सगळं कशाला शिकायचं असं मला नवीन पोरं विचारतात. मी स्वतः ते बटण रोज वापरतो. पण लाकडी टेबलावर ठेवलेली तांबूस चप्पल असली की चामडं आणि लाकूड एकाच रंगाचं, तिथं ते गोंधळतं, वेणीचा एखादा धागा खातं, अंगठ्यातलं भोक भरून टाकतं. बटणाने झालेलं काम कुठं चुकलंय हे ज्याला दिसतं त्यालाच पैसे मिळतात. फोटोशॉप परवडत नसेल तर गिम्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फझी सिलेक्ट (वाँडसारखंच), पाथ, फोरग्राऊंड सिलेक्ट सगळं आहे, फक्त आधी लेअरला अल्फा चॅनेल (पारदर्शकता साठवणारा) जोडा नाहीतर डिलीट केल्यावर पारदर्शक न होता रंग भरतो. आणि शेवटी पीएनजीच करा, जेपेग पारदर्शकता धरत नाही.

अर्धं काम खरं तर फोटो काढतानाच होतं, हे मला उशिरा कळलं. पांढऱ्या मोत्यांची नथ पांढऱ्या कागदावर ठेवली तर कडच हरवते, फिकट राखाडी कागद घ्या. हिरवं कापड घेतलं तर सोन्यावर हिरवट झाक चढते आणि ती कुठल्याच टूलने नीट जात नाही. वस्तू मागच्या कागदापासून थोडी लांब ठेवा म्हणजे सावली कडेला चिकटत नाही. अॅमेझॉनवर मुख्य फोटोचं बॅकग्राऊंड पूर्ण पांढरं लागतं, आरजीबी तिन्ही २५५, आणि वस्तूने फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, तर ते आधीच मनात धरून फोटो काढा. बाकी ठिकाणी चप्पल हवेत तरंगल्यासारखी वाटू नये म्हणून खाली वेगळ्या लेअरवर मऊ काळ्या ब्रशने २०-३० टक्के ओपॅसिटीची सावली द्या.

मास्क आणि पाथ असलेली पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची) फाईल मी कधीच टाकून देत नाही. गेल्या दिवाळीत एका चप्पलवाल्या काकांचा संध्याकाळी फोन आला, सगळ्या फोटोंना झेंडूच्या रंगाचं बॅकग्राऊंड पाहिजे, उद्या सकाळपर्यंत. चाळीस जोड होते. सगळ्या फाईलींमध्ये मास्क तयार होते, खाली फक्त रंगाचा लेअर बदलला आणि जेवायच्या आत पाठवून दिले.