फुकटातले मराठी फॉन्ट: उतरवताना, बसवताना आणि छापताना या चुका टाळा

मराठी फॉन्टचे बहुतेक घोळ एकाच ठिकाणी सुरू होतात. फॉन्ट मूळ जागेवरून उतरवून घेण्याऐवजी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या झिपमधून किंवा ‘पाच हजार मराठी फॉन्ट’ अशा नावाच्या फोल्डरमधून घेतला जातो. त्या फाइलबरोबर परवाना आलेला नसतो, आवृत्ती कुठली ते कळत नाही, आणि बऱ्याचदा तो फॉन्ट युनिकोडही नसतो (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक). मग केळीच्या खोक्यांची लेबलं छापून सावद्याला पोहोचल्यावर लक्षात येतं की ‘ॲग्रो’मधल्या ॲ च्या जागी चौकोन उमटलाय. किंवा वर्षभराने फॉन्टच्या मालकाकडून विचारणा होते. दोन्ही गोष्टी फॉन्ट उतरवतानाच, दहा मिनिटं देऊन टाळता येतात.

‘फ्री’ एवढंच वाचून पुढे जाणं

फॉन्टच्या संकेतस्थळांवर ‘फ्री’ या एका शब्दाखाली तीन-चार वेगळे प्रकार असतात. ‘फ्री फॉर पर्सनल यूज’ म्हणजे फक्त स्वतःच्या, बिनपैशाच्या कामासाठी. घरच्या कानबाईच्या रोटांचं आमंत्रण स्वतः तयार करून नातेवाइकांना पाठवलं, तर तो वैयक्तिक वापर. तेच आमंत्रण दुकानात पैसे घेऊन करून दिलं, की तो व्यावसायिक वापर झाला. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, बियाण्याची पिशवी, जाहिरात मिळणारं यूट्यूब चॅनल, हे सगळं व्यावसायिकच. मंडळं, पतपेढ्या आणि शाळांचा समज असतो की आपण नफा कमवत नाही, म्हणजे आपला वापर वैयक्तिक. बऱ्याच परवान्यांत तशी सवलत नसते. संस्थेचं काम हे संस्थेचं काम धरलं जातं.

‘डेमो’ लिहिलेला फॉन्ट हा विकायच्या फॉन्टचा नमुना असतो. त्यात अनेकदा अंक, विरामचिन्हं किंवा काही जोडाक्षरं मुद्दाम वगळलेली असतात. डाफॉन्टसारख्या साइटवर उतरवण्याच्या बटणाजवळच हा शेरा लिहिलेला असतो आणि झिपमध्ये एक छोटी मजकूर-फाइल असते. ती फाइल उघडून वाचायचीच. साइटवरचा शेरा आणि फाइलमधला परवाना यांत फरक दिसला तर फाइलमधला परवाना खरा धरा आणि शंका असेल तर तो फॉन्ट सोडून द्या. देवनागरीत चांगले मोकळे फॉन्ट आज इतके आहेत की संशयितासाठी अडून बसायची गरजच नाही.

ओपन फॉन्ट लायसन्स नीट न समजणं

कामासाठी सगळ्यांत निर्धास्त परवाना म्हणजे एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ साली आली आणि आजही तीच चालते. हा परवाना असलेला फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतो, लोगोत घालता येतो, वेबसाइटवर टाकता येतो, पीडीएफमध्ये जोडता येतो, दुसऱ्याला देताही येतो. त्यात केलेलं पुस्तक किंवा पोस्टर त्या परवान्याच्या बंधनात येत नाही, ते तुमचंच राहतं.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. नुसता फॉन्ट विकायचा नाही. सॉफ्टवेअरबरोबर जोडून विकलेला चालतो, पण सीडीवर फक्त फॉन्ट भरून पैसे घेणं परवान्याविरुद्ध आहे. दुसरी चूक: सहकाऱ्याला फॉन्ट देताना फक्त फॉन्टची टीटीएफ फाइल पाठवणं. झिपमध्ये ‘ओएफएल’ नावाची मजकूर-फाइल असते, ती बरोबर गेलीच पाहिजे. तिसरी: फॉन्टच्या फाइलमध्ये बदल करून ती जुन्याच नावाने वाटणं. काही फॉन्टांची नावं परवान्यात राखून ठेवलेली असतात. बदललेल्या फाइलला मग वेगळं नाव द्यावं लागतं आणि परवाना हाच ठेवावा लागतो. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षराचं रेषांच्या चित्रात रूपांतर करून, वेलांटी लांबवली, तर त्याला मात्र हा नियम लागत नाही. ते चित्र झालं.

विंडोजमधला फॉन्ट फुकटचा समजणं

मंगल, निर्मला, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट विंडोजबरोबर आलेले असतात. त्या संगणकावर कागदपत्रं करायला ते आहेत. पण फॉन्टच्या फोल्डरमधून ‘मंगल’ उचलून मोबाइलवर, लिनक्सवर किंवा स्वतःच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर टाकायचा हक्क त्याबरोबर मिळत नाही.

इथे आणखी एक गैरसमज आढळतो. फॉन्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इन्स्टॉलेबल’ किंवा ‘एडिटेबल’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून फॉन्ट फुकट आहे असं धरलं जातं. ती नोंद फक्त फाइलमध्ये फॉन्ट जोडता येतो की नाही एवढं सांगते. परवाना वेगळा असतो.

कुठून घ्यायचे

गूगल फॉन्ट्सवर भाषेच्या गाळणीत मराठी निवडली की देवनागरी फॉन्ट समोर येतात. प्रत्येक फॉन्टच्या पानावर ‘लायसन्स’ वेगळं दिलेलं असतं. तिथले बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचे, थोडे अपाचे २.० या दुसऱ्या मोकळ्या परवान्याचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बलू आणि मोदक, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, पॉपिन्स, तेको, राजधानी आणि कलम, शिवाय नोटो सान्स आणि नोटो सेरिफ देवनागरी. पुस्तकाच्या मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ उत्तम आहे. त्याच घरातली हिंदी आणि संस्कृतसाठीची रूपं वेगळी आहेत, घाईत चुकीचं उतरवू नका. संस्कृत श्लोक आणि अवघड जोडाक्षरं असतील तर आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका घ्या.

फॉन्ट म्हणून कुणी ईएक्सई फाइल देत असेल तर ती चालवू नका. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते आणि वेबसाठी डब्ल्यूओएफएफ२. ब्राउझरमध्ये ‘हा फॉन्ट सापडला नाही, अपडेट करा’ अशी खिडकी आली तर ती लगेच बंद करायची. २०१७ मध्ये क्रोम वापरणाऱ्यांच्या संगणकात नेमक्या याच युक्तीने व्हायरस घुसवले जात होते.

युनिकोड नसलेला फॉन्ट नव्या कामाला लावणं

शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात, शोधून काही सापडत नाही आणि मोबाइलवर पाठवून उपयोग नसतो. अहिराणी लेखन जमवणाऱ्यांनी तर हे फार गांभीर्याने घ्यावं. अहिराणीचा मजकूर इंटरनेटवर आधीच थोडा आहे, त्यात तो जुन्या फॉन्टात अडकला तर शोधणाऱ्याला कधीच मिळणार नाही. कन्व्हर्टरने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार, ऱ्या, अर्धा श आणि ऋकार हमखास बिघडतात. बदलल्यावर एकदा ओळीगणिक वाचावंच लागतं.

₹ या चिन्हाचाही असाच प्रकार आहे. २०१० मध्ये चिन्ह जाहीर झाल्यावर लगेच आलेल्या काही फॉन्टांनी ते कीबोर्डवरच्या उलट्या अवतरणचिन्हाच्या जागी बसवलं होतं. जुन्या दरपत्रकाच्या फाइलमध्ये आकड्याआधी तसं चिन्ह दिसलं तर कारण हेच. ते काढून खरं ₹ टाका. विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया कीबोर्ड असेल तर उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की ते उमटतं.

तपासणी न करता काम सुरू करणं

नवा फॉन्ट बसवला की पुढची ओळ टाइप करून मोठ्या आकारात पाहा:

‘ॲग्रो, ऑइल, दुसऱ्या, वऱ्हाडी, राष्ट्रीय, वाङ्मय, उद्घाटन, शुद्ध, हृदय, अक्कलकुवा, चाळीसगाव, शिंदखेडा, ५८९, ₹’

या ओळीतला प्रत्येक शब्द एकेक दुखणं दाखवतो. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टांत तो नसतो, मग चौकोन येतो किंवा सॉफ्टवेअर तेवढं अक्षर दुसऱ्या फॉन्टातून उसनं घेतं आणि ते जाड-बारीक दिसतं. पाट्यांवर ‘ॲग्रो एजन्सी’ इतकं असतं की खान्देशात ही पहिली परीक्षा घ्यायला हवी. राष्ट्रीय आणि वाङ्मय यांत हलंत सुटा दिसला तर जोडाक्षरं नाहीत, किंवा सॉफ्टवेअरला ती जोडता येत नाहीत. त्याबद्दल पुढे येतं. अक्कलकुवा, चाळीसगाव आणि शिंदखेडा यांतले ल, ळ, श आणि शेवटचे अंक पाहून वळण मराठी आहे की हिंदी ते कळतं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी वळण आपोआप येतं. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी करा, वेबपानाच्या कोडमध्ये भाषेच्या जागी मराठीचा ‘एमआर’ हा संकेत द्या.

‘दुसऱ्या’चं मात्र आधी टायपिंग तपासा. र, हलंत, य असं टाइप केलं तर य वर रफार येणारच, त्यात फॉन्टचा दोष नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबल्यावर ऱ येतो. त्यापुढे डी ने हलंत आणि मग य. एवढं करूनही नुक्त्यासह सुटा ऱ् दिसत असेल तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

बसवताना होणारे घोळ

झिपच्या आतूनच फॉन्टवर डबल क्लिक करू नका. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा, मग फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साधं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट फक्त चालू खात्यापुरता, वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना तो दिसतच नाही. ‘वर्डमध्ये येतो, कोरलमध्ये येत नाही’ या तक्रारीचं पहिलं संभाव्य कारण हे.

दुसरं कारण व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या असलेला फॉन्ट. बलू २ किंवा नोटो सान्स देवनागरीची झिप उघडली की वर एकच मोठी फाइल दिसते आणि शेजारी ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती मोठी फाइल एकाच जाडीची दिसते. छपाईच्या कामाला ‘स्टॅटिक’मधल्या फाइली बसवा. मोठी फाइल आणि स्टॅटिक दोन्ही एकदम बसवू नका, यादीत एकाच नावाची गर्दी होते.

तिसरा घोळ बी च्या बटणाचा. तिरो मराठीला ठळक रूप नाही, यात्रा वन आणि मोदक एकाच जाडीचे आहेत. त्यांवर बी दाबलं की सॉफ्टवेअर कडा फुगवून खोटा ठळकपणा आणतं आणि क्ष, ष्ट, द्ध यांच्या पोटातली पोकळी बुजते. ठळक हवं असेल तर मुळातच जाड्या असलेला फॉन्ट घ्या. मुक्ताला ७ जाड्या आहेत, हिंदला ५.

सॉफ्टवेअरची सेटिंग तशीच ठेवणं

फोटोशॉपच्या थोड्या जुन्या आवृत्तीत वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’मध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. त्याहून जुन्या आवृत्त्यांत त्याचंच नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं आहे. आधी लिहिलेल्या मजकुराला पॅराग्राफच्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ वेगळा लावावा लागतो. वर्डमध्ये फॉन्ट निवडूनही अक्षर मंगलच राहिलं तर कंट्रोल-डी दाबा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यात फॉन्ट आणि आकार दोन्ही द्या. देवनागरी त्या रकान्याचं ऐकते. पेजमेकर या जुन्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी येत नाही, तिथे वेळ घालवू नका.

फ्लेक्सवाल्याकडे कोरलची फाइल देताना मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबा, कर्व्ह झाले की फॉन्ट लागत नाही. पण त्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपा, कारण कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. पीडीएफ दिली तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असं जाऊन प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलंय का पाहा.

नंदुरबारकडची गुजराती

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागात मराठी-गुजराती दोन्ही पाट्या लागतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर दोन्ही राज्यांत पसरलेलं आहे. मुक्तामध्ये किंवा हिंदमध्ये गुजराती टाइप केलं तर अक्षरं त्यात नसतात. त्याच घराण्यातले गुजराती भाऊ घ्या: मुक्ताबरोबर मुक्ता वाणी, हिंदबरोबर हिंद वडोदरा, बलूबरोबर बलू भाई. मग दोन्ही ओळींची जाडी आणि वळण जुळतं.

चुकीचा फॉन्ट आधीच वापरला असेल तर

फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथल्या ‘कॉपीराइट’च्या ओळीत मालकाचं नाव मिळतं. त्याच्या संकेतस्थळावर व्यावसायिक परवाना विकत असेल तर तो घेऊन टाका आणि पावती त्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा. मालकच सापडत नसेल तर पुढच्या छपाईला फॉन्ट बदला. लोगोत तो फॉन्ट असेल तर आधी तो बदला, कारण लोगो पाटीवर, बिलबुकावर, खोक्यावर सगळीकडे जातो आणि दरवर्षी त्यात भर पडते.