बॅगा शिवायला शिकताय? आधी बंद पक्का करा

ब्लाऊज येतं म्हणजे बॅग सहज जमेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धंच खरं आहे. ब्लाऊजमध्ये कसोटी मापाची असते, बॅगेत जाडीची. बंद, म्हणजे बॅग धरायचा पट्टा, जोडतो तिथे कॅनव्हास, अस्तर आणि दुमडलेला पट्टा मिळून सहा-आठ थर सुईखाली येतात आणि घरचं मशीन नेमकं तिथेच कुरकुरतं.

म्हणून पहिला खर्च सुयांवर करा. सुती अस्तराला 14 नंबर चालतो, कॅनव्हास किंवा जीन्सला 16, फारच थर असतील तर 18. पाकिटावर 90/14 असं छापलेलं असतं, त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. जाड जागी पायडल दाबत बसू नका, हाताने चाक फिरवा. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा सुईखालचा पाय, पुढून वर उचललं जात असेल तर त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा. फूट सपाट राहतं, टाके चुकत नाहीत. टाकाही जरा मोठा हवा. रेक्झिनवर बारीक टाके घातले तर भोकांची रांग पडते आणि ओझं आलं की ते तिथूनच फाटतं.

माझी सगळ्यात आवडती बॅग म्हणजे साधी बाजारची पिशवी. देखणी बॅग कपाटात पडून राहते, ही रोज मंडईत जाते. हिची परीक्षा बंदावर होते. पट्ट्याचं टोक पिशवीवर दोन-अडीच इंच खाली घ्या, चौकोनी टीप मारा आणि आत फुली. मागच्या बाजूला कॅनव्हासचा तुकडा ठेवूनच शिवा. हे सगळं अस्तर लावायच्या आधी. नंतर केलं तर टीप आत दिसते आणि हातही पुरत नाही.

पिशवी उभी राहायला तळ लागतो. बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून कोपरा सपाट करा, त्रिकोण होतो. त्याच्या टोकापासून दोन इंचांवर आडवी रेघ मारली की ती चार इंच भरते. तिच्यावर टीप मारा, तळ चार इंच रुंद झाला. दोन्ही कोपरे सारखे आले का, हे पट्टीने बघायचं, अंदाजाने नाही.

बाकी हत्यारांत टोचा (भोक पाडायला), उसवणी (टाके उसवायला) आणि क्लिपा. रेक्झिनला टाचणीची भोकं कायमची राहतात, म्हणून क्लिपा. शिवताना रेक्झिन चिकटतं, म्हणून टेफ्लॉन फूट. मोबाइलवर दिसणारी बाकीची चकचकीत खेळणी पहिल्या वर्षी घेऊ नका. आणि कापडाची कात्री लपवून ठेवा, घरातली पोरं तिनेच चित्रं कापतात.

चेन मीटरवर घ्या, रनर (चेन उघडणारा सरकता भाग) वेगळे. बॅगेच्या तोंडाला 5 नंबर, आतल्या खिशाला 3. सांगलीत कापडपेठेत फिरलात तर बहुतेक माल मिळतो. कापडाचं गाव इचलकरंजी जवळच आहे, पण दोन-चार पिशव्यांच्या कापडासाठी कोण जातंय! खणाचं कापड मोहात पाडतं, मात्र त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असतो, तेव्हा आधी कागदावर बेतून बघा. सुती कापड भिजवून, वाळवून मगच कापा.

2018 च्या प्लॅस्टिकबंदीनंतर कापडी पिशवीला गिऱ्हाईक वाढलं आणि घासाघीसही वाढली. "एवढ्याला पिशवी?" हे जास्त करून ओळखीच्याच बायका म्हणतात. कापड, अस्तर, चेन, दोरा, वीज आणि तुमची मजुरी असं वहीत मांडा, मगच भाव सांगा. मजुरी सोडून भाव सांगितला तर पुढच्या वेळी तोच भाव मागतात.

संक्रांतीच्या वाणासाठी बटव्यांच्या ऑर्डरी एकदम येतात. तेव्हा एक नमुना शिवून दाखवा, रंग आणि माप त्यांच्यासमोर लिहून घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि मगच कापडाला कात्री लावा.