सुखोई-३० एमकेआयचं मॉडेल करताना या चुका टाळा

पहिली चूक दुकानातच होते. खोक्यावर नुसतं ‘सुखोई-३०’ वाचून किट उचलू नका. चीनसाठी बनलेल्या एमकेकेला ना कॅनार्ड (मुख्य पंखांच्या पुढचे छोटे पंख), ना वळणारे नोझल (इंजिनाची मागची तोंडं). नाशिकजवळ ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात जुळणी होणाऱ्या आपल्या एमकेआयला दोन्ही असतात. एमकेआयचं किट नाहीच मिळालं तर रशियाच्या सुखोई-३० एसएमचं किट बघा. ते विमान एमकेआयवरूनच बेतलेलं आहे. भारतीय डेकल (विमानावरच्या खुणांचे पातळ स्टिकर) तेवढे वेगळे घ्यावे लागतात.

नोझल चिकटवण्याआधी डावं कुठलं, उजवं कुठलं ते नक्की करा. खऱ्या विमानात ते सरळ वरखाली हलत नाहीत, ३२ अंश बाहेर कललेल्या प्रतलात वळतात. अदलाबदल झाली की जाणत्याला लगेच कळतं.

खरा घोटाळा सांध्यांत होतो. सुखोईचं पंख आणि धड एकमेकांत वाहत गेलेलं असतं, त्यामुळे इनटेकजवळची (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाजवळची) फट लपायला जागाच नाही. गोंद लावण्याआधी सगळे भाग कोरडेच जुळवून पाहा. पुट्टी रात्रभर सुकू द्या, मग पाण्याचा पॉलिश पेपर मारा आणि प्रायमर द्या. प्रायमरखाली रेघ दिसली तर जाड रंगाने ती बुजवू नका, पॅनल लाइनही (पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेघा) बुजतात. तेवढाच भाग घासून पुन्हा पुट्टी भरा. इथे दोन दिवस जास्त गेले तरी जाऊ द्यात, सगळं मॉडेल यावरच उभं आहे.

कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला, फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू अजिबात नको. त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. पांढरा फेव्हिकॉल पुरतो. फुगीर कॅनोपीवर बऱ्याच किटांत मधोमध साच्याची रेघ असते. ती २००० नंबरच्या पेपरने हलकी घासून पॉलिश करा.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये लॅकर (झटपट सुकणारा, थिनरमधला रंग) फवारला की हवेतली ओल त्यात अडकते आणि रंगावर पांढरी झाक येते. कोरड्या दिवसाची वाट पाहा. झाक आलीच असेल तर रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) मिसळलेल्या थिनरचा अगदी पातळ हात मारला की बहुधा जाते.

डेकल मॅट रंगावर थेट लावले तर खाली हवा राहून ते चंदेरी चमकतात. आधी ग्लॉस कोट द्या. आधीच लावून झाले असतील तर चमकणाऱ्या जागी सुईने बारीक टोचा, सेटिंग सोल्यूशन (डेकल मऊ करून बसवणारं द्रव) सोडा आणि बोट न लावता सुकू द्या. गरज पडली तर पुन्हा करा.