इंग्रजी मेलमधल्या फ्रेज: या चुका टाळा

ऐरोली, महापे, घणसोलीच्या ऑफिसांत दिवसभर इंग्रजी मेल लिहिणारी आपली मंडळी शब्दांना कमी पडत नाहीत. स्पेलिंग तर मोबाइलच सुधारतो. वाक्य अडतं ते फ्रेज, म्हणजे स्वतःची कर्ता-क्रियापदाची जोडी नसलेला शब्दसमूह, चुकीच्या ठिकाणी जोडल्यामुळे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: 'वेटिंग ॲट ठाणे स्टेशन, द ट्रेन वॉज कॅन्सल्ड.' या वाक्यात ठाण्याला थांबलं कोण? इंग्रजी व्याकरणाप्रमाणे गाडी! सुरुवातीची आयएनजीवाली फ्रेज स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला चिकटते. आपण फसतो, कारण 'मी स्टेशनवर थांबलो असताना गाडी रद्द झाली' हे मराठीत अगदी शुद्ध आहे. 'असताना' दोन वेगळे कर्ते चालवून घेतं, ही इंग्रजी फ्रेज घेत नाही. म्हणून मनातल्या मराठी वाक्यात कर्ते दोन असतील, तर फ्रेज सोडा आणि पूर्ण क्लॉज, म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला भाग, लिहा: 'व्हाइल आय वॉज वेटिंग ॲट ठाणे स्टेशन, द ट्रेन वॉज कॅन्सल्ड.' कर्ता एकच असेल तर फ्रेज खुशाल वापरा: 'वेटिंग ॲट ठाणे स्टेशन, आय फिनिश्ड द रिपोर्ट.' एवढी एक सवय लागली तरी मेल किती स्वच्छ होतात बघा.

'द लिस्ट ऑफ पेंडिंग ऑर्डर्स आर अटॅच्ड' हेही नेहमीचंच. क्रियापदाजवळ 'ऑर्डर्स' आहे म्हणून हात 'आर'कडे जातो. पण नाउन फ्रेजचा (नाम आणि त्याला जोडलेले शब्द) मुख्य शब्द 'लिस्ट', म्हणून 'इज'. तसंच 'वन ऑफ माय कलीग्स लिव्ह्ज इन वाशी': 'कलीग्स' अनेकवचनी, क्रियापद मात्र एकवचनी.

प्रिपोझिशनल फ्रेज, म्हणजे 'विथ', 'इन'सारख्या प्रिपोझिशनने सुरू होणारी फ्रेज, ज्या नामाबद्दल आहे त्याच्या शेजारी ठेवा. 'शी सेंट द बिल टू द क्लायंट विथ द राँग जीएसटी नंबर' यात चुकीचा नंबर बिलावर होता की क्लायंटचाच चुकीचा, हे कळत नाही. 'शी सेंट द क्लायंट अ बिल विथ द राँग जीएसटी नंबर' लिहिलं की शंका उरत नाही. पैशांच्या मेलमध्ये हे फार जपावं.

'बिकॉज ऑफ'नंतर नाउन फ्रेज येते, नुसत्या 'बिकॉज'नंतर क्लॉज: 'बिकॉज ऑफ हेवी रेन', पण 'बिकॉज इट रेन्ड हेविली'. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' लागत नाही. आणि 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे 'मीट' नाही, 'मीटिंग यू'.